पहिल्या तीन पाळ्या आणि घरातली चुकीची मोजपट्टी : एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील मुलीची आणि तिच्या कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी या मुलीची बालरोगतज्ज्ञ आहे आणि ती दोन वर्षांची असल्यापासून तिला तपासत आले आहे. पुढे जे घडले त्यात माझ्या एका घाईघाईने दिलेल्या उत्तराचा वाटा आहे, म्हणून हे प्रकरण मी प्रथमपुरुषी लिहीत आहे.

पार्श्वभूमी

मुलीला पहिली पाळी आली तेव्हा तिचे वय १२ वर्षे ४ महिने होते. छातीची वाढ दहाव्या वर्षी सुरू झाली होती आणि त्यानंतर सव्वादोन वर्षांनी पाळी आली. बहुतेक मुलींमध्ये हे अंतर दोन ते तीन वर्षांचे असते आणि पहिली पाळी सर्वसाधारणपणे बाराव्या-तेराव्या वर्षी येते. त्यामुळे वयाच्या दृष्टीने सगळे अगदी वेळेवर चालले होते, आणि माझ्या मते पुढच्या दुर्लक्षाचे एक कारण नेमके हेच होते. पाळी फार लवकर आली किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही आली नाही, तर घरचे स्वतःहून डॉक्टरांकडे येतात. ठरल्या वेळी आलेल्या पाळीकडे मात्र कुणी पुन्हा वळून पाहत नाही.

घरात आई, वडील, आजी आणि आठ वर्षांचा धाकटा भाऊ. आईने मुलीला पाळीबद्दल आधीच सांगून ठेवले होते. रक्त का येते, पॅड कसा लावायचा, शाळेच्या दप्तरात काय ठेवायचे, हे सगळे तिला ठाऊक होते, आणि पहिल्या दिवशी ती घाबरली नाही. अनेक घरांत एवढेही बोलले जात नाही, म्हणून आईच्या या तयारीचे मला कौतुक वाटते. त्या बोलण्यात एकच गोष्ट राहून गेली होती. किती रक्त जाणे ठीक आहे आणि कोणत्या वेळी मोठ्यांना सांगायचे, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

समस्या कशी उभी राहिली

पहिली पाळी ११ दिवस चालली. त्या सुमारास धाकट्या भावाच्या तापासाठी आई माझ्याकडे आली होती. त्याला तपासून झाल्यावर, दारात उभ्या उभ्याच तिने विचारले, "डॉक्टर, हिची पाळी सुरू झाली. अकरा दिवस चालली. चालेल ना?" बाहेर गर्दी होती. मी म्हणाले, "पहिली एक-दोन वर्षं पाळी अशीच अनियमित असते, काळजी करू नका." आईचा चेहरा सैलावला. तिनेही दुजोरा दिला, "आमच्याकडे सगळ्यांनाच असं जास्त जातं. मला, माझ्या बहिणीला, आईलाही." तिच्या या वाक्याने मलाही हायसे वाटले. वास्तविक ते ऐकून मी तिला पुन्हा खुर्चीवर बसायला सांगायला हवे होते.

दुसरी पाळी २६ दिवसांनी आली आणि ९ दिवस राहिली. पोटात दुखत होते म्हणून घरात असलेली आयबुप्रोफेनची गोळी तिला अधूनमधून दिली जात होती. तिसरी पाळी त्यानंतर महिन्याभराने आली. तिच्या आठव्या दिवशी शाळेचा जिना चढताना मुलीला भोवळ आली आणि ती पायऱ्यांवर बसली. शाळेच्या शिक्षिकेने आईला बोलावून घेतले. तिच्या बोलण्यातील एक गोष्ट आईच्या मनाला लागली: गेले दोन महिने ही मुलगी मैदानावर खेळायला उतरतच नव्हती आणि कमरेला जाकीट बांधून कडेला बसून राहत होती.

दुपारी ती माझ्यासमोर आली तेव्हा ओठ पांढरे, तळहात पांढरे. पडून असताना नाडी मिनिटाला ११८, उभी राहिल्यावर १३६. रक्तदाब १०२/६०. पोट मऊ होते, कुठेही दुखत नव्हते. हिमोग्लोबिन आले ७.२, म्हणजे तीव्र रक्तक्षय.

दोन वेगळे प्रश्न

पुढचे निर्णय समजावेत म्हणून माझ्या त्या पहिल्या उत्तरात काय चुकले होते ते आधी सांगते. पाळी सुरू झाल्यावर मेंदू, पिट्यूटरी ग्रंथी आणि बीजाशय यांच्यातला ताळमेळ लगेच बसत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांत कित्येक चक्रांमध्ये स्त्रीबीज बाहेर पडतच नाही. स्त्रीबीज न सुटल्यामुळे अस्तर स्थिर ठेवणारे प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही; इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि मग ते कधीही, कसेही सुटू लागते. म्हणूनच या वयात २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने पाळी आली तरी आपण ते सामान्य मानतो.

ही सवलत मुख्यतः पाळी कधी येते या प्रश्नाला लागू पडते. किती जाते हा प्रश्न वेगळा आहे. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलीटर रक्त जाते आणि ८० मिलिलीटरच्या पुढे गेल्यास त्याला अतिस्राव म्हणतात. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालणे, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावा लागणे, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी पडणे, कपडे वा अंथरूण खराब होणे या खुणा तेराव्या वर्षीही तितक्याच गंभीरपणे घ्यायच्या असतात. स्त्रीबीज न सुटल्यामुळेही अतिस्राव होऊ शकतो हे खरे. पण तसा झाला तरी तो मोजावा लागतो, थांबवावा लागतो, आणि त्यामागे दुसरे काही दडलेले नाही ना हे पाहावे लागते. अतिस्रावाची तक्रार घेऊन येणाऱ्या किशोरवयीन मुलींमध्ये सुमारे पाचांतल्या एकीला रक्त गोठण्याचा एखादा दोष असल्याचे आढळते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये आपल्या सदस्यांना दिलेल्या सल्ल्यात किशोरवयीन मुलींच्या पाळीची नोंद नाडी, ताप, रक्तदाब यांच्या पंक्तीत बसवावी असे म्हटले आहे. आईने मला "अकरा दिवस" हा आकडा दिला होता आणि मी तिला "अनियमित" या शब्दाने उत्तर दिले. प्रश्न एक होता, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे होते.

एकटीशी झालेले बोलणे

पहिला खरा निर्णय मुलीशी एकटीने बोलण्याचा होता. आईला मी सांगितले की या वयाच्या प्रत्येक मुलाशी आणि मुलीशी मी थोडा वेळ वेगळे बोलते, आणि तिने बाहेर बसावे. आजीला ते रुचले नाही, पण आई उठली.

आईसमोर मी विचारले होते, "दिवसाला किती पॅड लागतात?" मुलीचे उत्तर होते, "चार." चार पॅड म्हणजे काळजीचे काही नाही. एकटी असताना मी तोच प्रश्न जरा वेगळ्या तऱ्हेने विचारला. "पॅड कसा लावतेस ते मला या कागदावर काढून दाखव." तिने पेन्सिलीने एक लांबट आकार काढला आणि त्याच्या मागच्या टोकावर अर्धा चढलेला दुसरा आकार काढला. ती दोन पॅड एकमेकांवर सरकवून एकदम लावत होती आणि ती जोडी एक म्हणून मोजत होती. जोडी पूर्ण भिजून कडेने गळू लागेपर्यंत ती बदलत नव्हती, कारण "पॅड फार लागतात, आईला सारखे आणायला लागतात." रात्री ती एक वाजता आणि चार वाजता असे दोन गजर लावून उठत होती. गजराचा आवाज भावाला ऐकू जाऊ नये म्हणून मोबाइल उशीखाली ठेवत होती. अंथरुणावर जुना टॉवेल पसरत होती आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तो धुऊन टाकत होती. गाठींबद्दल विचारल्यावर तिने अंगठ्याचे पहिले पेर दाखवले आणि मग जरा थांबून पुढे म्हणाली, "कधी कधी याहून मोठ्या."

हे तिने आईला का सांगितले नाही, असे मी विचारले. तिला या प्रश्नाचेच नवल वाटले. "आई म्हणाली होती ना, सगळ्यांना असंच जातं."

त्या वेळी मी तिच्याशी आणखी दोन गोष्टी बोलले. लघवीची गर्भचाचणी करावी लागेल. पाळीच्या वयातल्या कुणाचाही असा रक्तस्राव असेल तर ती करतातच आणि त्याचा अर्थ मी तुझ्यावर संशय घेते असा नाही, हे तिला आधी सांगितले. तिने होकार दिला आणि चाचणी नकारार्थी आली. दुसरी गोष्ट आतून तपासणी करण्याची. ती तिच्या मनात भीती होऊन बसली होती हे तिच्या आवळलेल्या मुठींवरून दिसत होते. अशा मुलीला आतून तपासण्याची बहुतेक वेळा गरज नसते. पोटावरून केलेली सोनोग्राफी पुरते. हे ऐकल्यावर तिच्या मुठी सैल झाल्या आणि पुढची उत्तरे मोकळेपणाने आली.

मग मी तिची माझ्याकडची जुनी फाइल काढली. सहाव्या आणि नवव्या वर्षी, दोन्ही वेळा माझ्याच हस्ताक्षरात नोंद होती: नाकाचा घोळणा फुटला, दाबून धरल्यावर वीस मिनिटांनी थांबला. दहा मिनिटांहून जास्त वाहणारे नाक हा गोठण्याच्या दोषाचा एक धागा असू शकतो. दोन्ही नोंदी एकाच फाइलमध्ये होत्या, मधे तीन वर्षे गेली होती आणि मी त्या कधी जोडून वाचल्या नव्हत्या.

समोर असलेले पर्याय

मुलीला रुग्णालयात दाखल केले आणि स्त्रीरोगतज्ज्ञ व रक्तविकारतज्ज्ञ सहकाऱ्यांसोबत आम्ही पर्याय मांडले. सोनोग्राफीत गर्भाशय आणि बीजाशये व्यवस्थित होती, अस्तर ११ मिलिमीटर होते. प्लेटलेट ४,६०,००० होत्या. लोहाच्या कमतरतेत त्या वाढलेल्या दिसतात. फेरिटिन अवघे ४ होते, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. थायरॉइड ठीक. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या दोन्ही चाचण्या सामान्य होत्या.

रक्त चढवायचे की नाही, हा पहिला पर्याय. दुसरा प्रश्न रक्तस्राव थांबवण्याचा: इस्ट्रोजेन असलेल्या संयुक्त गोळ्या, केवळ प्रोजेस्टेरॉन गटातील नॉरेथिस्टेरॉन, गोठलेले रक्त विरघळू न देणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, किंवा यांतील दोन मिळून. तिसरा प्रश्न व्हॉन विलेब्रँड घटकाची चाचणी आत्ताच करायची की नंतर, हा होता. व्हॉन विलेब्रँड घटक हे प्लेटलेटना जखमेच्या जागी चिकटवून ठेवणारे आणि गोठण्याचा आठवा घटक सांभाळणारे प्रथिन आहे. ते कमी असणे हा गोठण्याच्या आनुवंशिक दोषांतला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. इस्ट्रोजेनमुळे त्याची पातळी वाढते आणि चाचणी फसवी ठरू शकते, म्हणून कोणतीही हार्मोनची गोळी सुरू करण्याआधी नमुना घेतला. हा निर्णय छोटा होता, पण तेव्हा झाला नसता तर पुन्हा तशी संधी मिळायला महिने गेले असते.

गोळ्यांना घरून विरोध झाला. आजीचे म्हणणे होते की एवढ्या लहान वयात हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर पुढे मूल होणार नाही. वडिलांना उंची खुंटेल असे वाटत होते. दोघांच्याही भीतीला उत्तर देणे मला औषधाइतकेच महत्त्वाचे वाटले. या गोळ्यांनी पुढच्या गर्भधारणेला बाधा येत नाही. पहिली पाळी येते तोपर्यंत उंचीची मोठी झेप होऊन गेलेली असते, त्यानंतर साधारण पाच-सात सेंटिमीटरच वाढ उरते आणि काही आठवड्यांच्या उपचाराने ती थांबत नाही. वडिलांनी हे शांतपणे ऐकून घेतले. आजी म्हणाल्या, "तुम्ही लिहून द्या." मी लिहून दिले.

पहिले दोन दिवस

नॉरेथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा आणि सोबत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, असे ठरले. इस्ट्रोजेन तूर्त राखून ठेवले, कारण निदान अजून व्हायचे होते आणि चाचणी पुन्हा करावी लागली तर ती गोंधळात पडू नये अशी इच्छा होती. आयबुप्रोफेन बंद करून पॅरासिटामॉल दिले. एरवी पाळीतला स्राव कमी करायला आयबुप्रोफेन गटातली औषधे मदत करतात, पण ती प्लेटलेटचे काम मंदावतात. गोठण्याच्या दोषाची शंका असताना ती देऊ नयेत.

दहा तासांत पॅड भिजण्याचा वेग निम्म्यावर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी हिमोग्लोबिन पुन्हा तपासले तर ते ६.८ होते. सातच्या खाली गेले की रक्त द्यायचे, ही रेषा अनेकांच्या मनात पक्की असते आणि वॉर्डमधील सहकाऱ्यांनी रक्ताची पिशवी मागवण्याची तयारी केली. मी आधी मुलीकडे गेले. ती उठून बसली होती, नाडी ९६, रात्रीपासून एकच पॅड अर्धा भिजलेला. शिरेतून दिलेल्या द्रवामुळे रक्त पातळ होऊन आकडा खाली आला होता, नवे रक्त गेल्यामुळे नव्हे. आम्ही रक्त चढवले नाही. दर सहा तासांनी नाडी आणि पॅड यांची नोंद ठेवायची, आणि नाडी पुन्हा ११० च्या वर गेली किंवा स्राव वाढला तर लगेच रक्त द्यायचे असे लिहून ठेवले. हा निर्णय बरोबर ठरला. पण स्राव चालू असता तर हाच आकडा घेऊन मी उलट निर्णय केला असता. तिसऱ्या दिवशी रक्तस्राव थांबला. शिरेतून लोह दिले आणि पाचव्या दिवशी ती घरी गेली. नॉरेथिस्टेरॉन तीन आठवड्यांत कमी करत नेऊन थांबवायचे ठरले.

सामान्य आलेला अहवाल

दाखल केले त्या दिवशीच्या नमुन्याचा अहवाल आठवड्याने आला. व्हॉन विलेब्रँड घटक ६१ टक्के. प्रयोगशाळेच्या कागदावर "सामान्य मर्यादेत" असे छापलेले होते. आईचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे काही नाही ना?" या प्रकरणातला हा सर्वांत निसरडा टप्पा होता. एका ओळीत "काही नाही" म्हणून फाइल मिटवणे सहज शक्य होते आणि सगळ्यांना तेच ऐकायचे होते.

मला तो आकडा पटत नव्हता. हा घटक तणावात, तीव्र रक्तक्षयात, तापात, गरोदरपणात वाढतो. भोवळ येऊन दाखल झालेल्या, नाडी ११८ असलेल्या, घाबरलेल्या मुलीच्या शरीराने तो वर ढकलला असणार. त्यातून तिचा रक्तगट ओ होता. या गटात हा घटक इतर गटांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी असतो. बाकीचा इतिहास, म्हणजे नाक, गाठी, आई, मावशी, आजी, एकाच दिशेला बोट दाखवत होता. मी आईला सांगितले की हा कागद नाकारायचा नाही, पण त्यावर थांबायचेही नाही. गोळ्या बंद होऊन पाच आठवडे झाल्यावर, ताप-सर्दी नसताना, पुन्हा नमुना घेतला. या वेळी घटक ३४ टक्के आणि त्याची कार्यक्षमता ३१ टक्के आली. पुढच्या महिन्यात तिसऱ्यांदा घेतला, तेव्हाही ३६. पातळी ३० च्या खाली असेल तर एरवीही, आणि ३० ते ५० मध्ये असून रक्तस्रावाचा असा इतिहास असेल तरीही, व्हॉन विलेब्रँड विकाराचे निदान केले जाते. हा विकाराचा पहिला, सौम्य समजला जाणारा प्रकार.

सौम्य हा शब्द मला इथे जपून वापरावासा वाटतो. एरिक फॉन विलेब्रँड या फिनिश डॉक्टरांनी १९२६ मध्ये ज्या कुटुंबावरून हा विकार प्रथम वर्णिला, त्या कुटुंबातली त्यांनी पहिल्यांदा पाहिलेली मुलगी पाच वर्षांची होती, आणि तिला या विकाराचे तीव्र रूप होते. ती पुढे तेराव्या वर्षी गेली, आपल्या चौथ्या पाळीत. माझी रुग्ण तिसऱ्या पाळीत जिन्यावर बसली होती.

आईचा अहवाल

हा दोष मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच मिळतो. मुलींमध्ये तो लवकर उघड होतो, कारण त्यांना दरमहा रक्तस्राव होतो. म्हणून आईची आणि भावाची तपासणी केली. आईचा घटक ३८ टक्के निघाला. तिचा इतिहास मी पहिल्यांदाच नीट विचारला. तेराव्या वर्षापासून अंगावरून फार जात होते. दाढ काढल्यावर दोन दिवस रक्त येत राहिले. दुसऱ्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी अचानक रक्तस्राव होऊन रक्त चढवावे लागले. गरोदरपणात वाढलेला हा घटक बाळंतपणानंतर उतरतो, म्हणून अशा स्त्रियांना उशिरा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. आणि गेल्या वर्षीपासून तिला गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळालेला होता. शस्त्रक्रियेची तारीखही ठरली होती.

अहवाल हातात धरून आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मला पंचवीस वर्षं जे जात होतं ते बरोबर नव्हतं." थोड्या वेळाने ती पुढे म्हणाली, "आणि मी तेच हिला बरोबर म्हणून सांगितलं." मी तिला सांगितले की तिने जे अनुभवले तेच सांगितले आणि तिला कुणीही कधी विचारले नव्हते. हे खरे होते. ज्यांनी विचारायला हवे होते त्यांत मीही होते.

परिणाम

पुढच्या उपचाराची निवड मुलीने स्वतः करावी, असा आमचा आग्रह होता. तिला पाळीच्या दिवसांतच गोळी घ्यायची होती, रोज नको होती, म्हणून पाळीच्या पहिल्या चार दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड घ्यायचे ठरले. तिला मी चित्रांचा तक्ता दिला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत सोपी आहे: थोड्या डागलेल्या पॅडला १ गुण, अर्ध्या भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०, लहान गाठीला १, मोठीला ५; पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर अतिस्राव. आधीची पाळी आठवून भरायला सांगितले, तेव्हा एकट्या दुसऱ्या दिवशी तिने पूर्ण भिजलेले आठ पॅड मोजले. १६० गुण, एका दिवसात. बेरजेकडे पाहत ती म्हणाली, "हे मी गणितात केलं असतं तर मला कळलं असतं."

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडने पुढच्या दोन पाळ्या २१२ आणि १९० वर आल्या. पुरेसे नव्हते. तिने स्वतःच दुसरा पर्याय विचारला. अर्धशिशीचा किंवा शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास नाही हे पाहून संयुक्त गोळ्या सुरू केल्या. निदान झालेले असल्याने इस्ट्रोजेनमुळे घटक वाढणे आता फायद्याचेच होते. त्यानंतरच्या पाळ्या ६० ते ७५ गुणांच्या दरम्यान राहिल्या. चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन ४१. दुखापत किंवा दात काढणे अशा वेळी उपयोगी पडावे म्हणून डेस्मोप्रेसिन या, शरीरात साठलेला हा घटक रक्तात सोडायला लावणाऱ्या औषधाची चाचणीही घेतली आणि तिच्या शरीराने चांगला प्रतिसाद दिला; ते औषध घेतल्यावर चोवीस तास पाणी मोजून प्यायचे असते, हे तिला आणि शाळेला लिहून दिले आहे. ती पुन्हा मैदानावर उतरली आहे. रात्रीचे गजर बंद आहेत.

आईची शस्त्रक्रिया रद्द झाली. तिने आधी औषधांचा मार्ग घेऊन पाहायचे ठरवले आहे, आणि पुढे शस्त्रक्रिया लागलीच तर रक्तविकारतज्ज्ञ सोबत असतील. भावाचा घटक ७२ टक्के आला.

वेगळे काय करता आले असते

भावाच्या तापाच्या वेळी "अकरा दिवस" ऐकल्यावर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासायला हवे होते. साध्या चाचण्या आहेत, थोडेसे रक्त लागते. तेव्हाच रक्तक्षय दिसला असता असे नाही. पण फेरिटिन कमी निघाले असते तर लोह सुरू झाले असते, आयबुप्रोफेन थांबले असते, आणि पुढच्या दोन पाळ्या कुणीतरी मोजत बसले असते.

किती पॅड, हा प्रश्न मी तेव्हा विचारला असता तरी "चार" हेच उत्तर आले असते आणि माझी चूक आणखी पक्की झाली असती. आता मी किती हे विचारत नाही. पॅड बदलताना तो कसा दिसतो, एकावर एक लावतेस का, रात्री उठावे लागते का, शेवटचा डाग कपड्यावर कधी पडला, शाळेत कोणता तास बुडतो, असे विचारते. यांची उत्तरे मुली अचूक देतात, कारण हे त्यांनी रोज अनुभवलेले असते.

"आमच्याकडे सगळ्यांना असंच" हे वाक्य मी धीर देणारे म्हणून ऐकले. आनुवंशिक विकार असलेल्या घरात हे वाक्य म्हणजेच रुग्णाचा इतिहास असतो. आईची मोजपट्टी तिच्या आजारपणातच तयार झाली होती, तिच्या आईचीही बहुधा तशीच. त्या पट्टीने मुलीची पाळी मोजली गेली आणि सामान्य निघाली.

एक निर्णय मला अजून पूर्ण पटलेला नाही. निदान पक्के होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन महिने, आम्ही इस्ट्रोजेन टाळले आणि त्या काळात तिच्या दोन पाळ्या १०० च्या बऱ्याच वर गेल्या. निदानासाठी दिलेली ही किंमत होती. नमुने आधी भराभर घेऊन संयुक्त गोळ्या लवकर सुरू करता आल्या असत्या असे स्त्रीरोगतज्ज्ञ सहकाऱ्याचे मत आहे, आणि पुढच्या मुलीबाबत मी तो मार्ग आधी पडताळून पाहीन.

मावशीने अजून तपासणी करून घेतलेली नाही. तिची अक्कलदाढ काढायची आहे. गेल्या भेटीत मुलीने मला सांगितले की तिने मावशीला स्वतःचा तक्ता दाखवला आणि कोरी प्रत भरायला दिली. दाढेची तारीख मावशीने पुढे ढकलली आहे.